उसन्या टाकीतील वाइन

मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे, एवढा शेरा मारला की दिल्लीतील फाइल बंद होते. नाशिकच्या छोट्या वाइन उत्पादकांचा प्रश्न या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे पडून आहे.

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले, उत्पादन शुल्कात सवलत दिली. द्राक्षबागायतदाराने कारखानदार व्हावे ही अपेक्षा गैर नव्हती. मात्र त्यासाठी प्रत्येकाने स्वतःची वायनरी बांधावी, हे त्यात न बोलता गृहीत धरले गेले आणि चूक तेथेच झाली. नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात उरकते. रस काढणारी यंत्रे तेवढेच दिवस चालतात. पुढे ती झाकून ठेवायची आणि बँकेचे हप्ते मात्र बाराही महिने भरायचे! थंडाव्याची सोय असलेल्या पोलादी टाक्या, बाटल्या भरण्याची यंत्रणा, प्रयोगशाळा हा पसारा चार-पाच एकरांच्या बागेला पेलणारा नाही. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच नोव्हेंबरातील मुंबईवरचा हल्ला यांमुळे हॉटेलांची मागणी आटली, तेव्हा कर्ज काढून उभ्या राहिलेल्या अनेक छोट्या वायनऱ्या बंद पडल्या. काहींनी आपल्या टाक्या मोठ्या कंपन्यांची वाइन करण्यासाठी दिल्या. म्हणजे उसन्या टाकीची रीत नाशिकला नवी नाही. टाकी लहानाची आणि बाटलीवरील नाव थोराचे, एवढेच.

कॅलिफोर्नियात ही रीत लहानांच्या उपयोगी पडते. स्वतःची वायनरी नसलेल्या उत्पादकाला तेथे दोन वाटा आहेत. एकीत यजमान वायनरी त्याच्यासाठी वाइन तयार करते. उत्पादनाच्या नोंदी व कर यांची जबाबदारी यजमानाची. दुसरीत एकाच छपराखाली अनेक परवानाधारक आळीपाळीने उत्पादन करतात आणि प्रत्येकाचा हिशेब व कर स्वतंत्र राहतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनाच हे मान्य आहे.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील निर्मितीचा परवाना जागेशी बांधलेला असतो. उसन्या टाकीत वाइन ठेवणाऱ्या बागायतदाराच्या हाती खासगी कराराचा कागद तेवढा उरतो. यजमानाचे कर्ज थकले आणि बँकेने वायनरीला टाळे ठोकले, तर आतली वाइन कोणाची? वर्षभराचे पीक त्या टाळ्यामागे अडकते. उत्पादन शुल्क खात्याची धास्तीही निराधार म्हणता येणार नाही. एका छपराखाली चौघांचा माल आला की कर कोणाकडून वसूल करावा, हा पेच पडतोच. पण टाकीगणिक नोंदवही आणि टाकीगणिक परवाना हा त्यावरचा उपाय असाध्य नाही. २०२२ च्या जानेवारीत वाइनच्या विक्रीवरून राज्यात रान उठले. वाइन सुपरमार्केटात ठेवावी की नाही यावर सारे तावातावाने बोलले. ती करतो कोण आणि कोणाच्या टाकीत, याची चौकशी फारशी झाली नाही.

सामायिक साधनांचे वावडे महाराष्ट्राला कधीच नव्हते. साखर आणि दूध सोडा, खुद्द द्राक्षांतच १९९१ पासून ‘महाग्रेप्स’च्या छत्राखाली सहकारी संस्थांनी एकत्रित शीतगृहांच्या बळावर युरोपची बाजारपेठ गाठली. खाण्याच्या द्राक्षाला जे साधले, ते वाइनच्या द्राक्षाला नाकारण्यात व्यवहार कोणता?

आता दिल्लीलाही हात झटकता येणार नाहीत. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला. त्यानुसार पाच डॉलरवरील बाटलीचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. हा सौदा करताना वाइन राज्यसूचीत आहे, याची आठवण कोणाला अडवू शकली नाही. लघुउद्योग समूहांना सामायिक सुविधा केंद्रे देणारी योजना केंद्राकडे आहे. त्या धर्तीवर विंचूरसाठी एक सामायिक वायनरी मागणारा प्रस्ताव मुंबईने टाकीगणिक परवान्याच्या नियमासह दिल्लीला धाडावा, आणि तो पुढच्या तोडणीआधी निकाली निघावा.