नाक दाबायला सांगण्याआधी औषधाचा साठा तपासा

"नाक दाबलं की तोंड उघडतं." राजकारणात ठीक आहे ही म्हण. पण परवा एका सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर एका आईला हाच उपचार सांगितला गेला. मी मागेच रांगेत उभा होतो.

मुलगा आठ-नऊ वर्षांचा, स्वमग्न. बोलत नाही, त्यात फिट येते. चिठ्ठीवर सोडियम व्हॅल्प्रोएटचं सिरप लिहिलेलं, खिडकीतून आल्या गोळ्या. "सिरप संपलंय, कुटून द्या." ती म्हणाली, कडू लागतं, थुंकून टाकतो. "मग दोघांनी धरा, नाक दाबा." रांग पुढे सरकली.

या दोन वाक्यांत किती घोळ आहे बघा. व्हॅल्प्रोएटच्या बऱ्याच गोळ्यांना खास आवरण असतं, किंवा त्यातलं औषध हळूहळू सुटावं अशी त्यांची बनावट असते. तशा गोळ्या कुटायच्याच नसतात. आणि रडणाऱ्या पोराला आडवं पाडून घशात ओतलेलं औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. सेरेब्रल पाल्सीच्या कित्येक मुलांना तर साधं पाणी गिळतानाही ठसका लागतो. त्यांच्या बाबतीत हा जिवाशी खेळ आहे.

मग शेजारपाजारचा सल्ला येतो, वरणभातात लपवून द्या. अहो, मोजून चार पदार्थ खाणारं हे पोर. वरणात एकदा कडू लागलं की ते वरणच सोडतं, राहिले तीन. पेलाभर दुधात मिसळलं आणि अर्धा पेला उरला, तर डोसही अर्धाच गेला. फिटचा डोस चुकला की पुन्हा फिट येण्याची भीती.

"आईनंच लाडावून ठेवलंय" म्हणणारे विद्वानही रांगेत होते. त्यांनी हे दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं करून दाखवावं.

खिडकीवर पाच मिनिटं दिली असती तर सांगता आलं असतं: पोराला ताठ बसवा, बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, प्रत्येक वेळी गिळू द्या. आधी औषधाचं चित्र दाखवा, मग आवडत्या खाऊचं, आणि तो खाऊ लगेच द्या. कशात मिसळायचंच असेल तर आधी विचारा चालतं का, आणि चमचाभरातच, त्याच्यादेखत. लपवाछपवी नको. सिरिंजला पडतात काही रुपये.

आणि सिरप ही काही चैन नाही. केंद्राच्या 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत व्हॅल्प्रोएट पातळ स्वरूपातही आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 25 म्हणतं, दिव्यांगांना उपचारात प्राधान्य द्या. आपल्याकडे प्राधान्य म्हणजे दिव्यांग दिनाला व्हीलचेअर वाटप आणि साहेबांचा फोटो. बाटली मागितली की "वरून आली नाही".

वरून म्हणजे नेमकं कुठून? मागणी कधी पाठवली? पाठवली का तरी? सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, गेल्या वर्षभराची साठा नोंदवही आणि मागणीपत्रं मागणार आहे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोवर तुमच्या घरी कुणाला सिरपऐवजी गोळ्या टेकवल्या असतील, तर पेशंटचं नाव झाकून चिठ्ठीचा फोटो इनबॉक्स करा. अर्जासोबत जोडतो.