आपल्या मेळघाटातला वुल्व्हरिन

'वुल्व्हरिन' म्हटलं की आपल्या होस्टेलच्या पोट्ट्यांना 'एक्स-मेन'मधला ह्यू जॅकमन आठवतो. पण हे नाव मुळात एका प्राण्याचं आहे. अलास्का, कॅनडा, सायबेरियाच्या बर्फात राहणारा हा गडी गोठलेली हाडं फोडून खातो आणि मेलेल्या जनावरासाठी लांडग्यांशीही भिडतो.

त्याचाच एक भाऊबंद आपल्या शेजारी राहतो, हे किती जणांना माहीत आहे? तो म्हणजे चांदी अस्वल! नावात अस्वल असलं तरी हा अस्वल नव्हे. इंग्रजीत रॅटेल किंवा हनी बॅजर. वुल्व्हरिन, पाणमांजर आणि हा, तिघं एकाच कुळातले. अमरावती-अकोल्यात पसरलेल्या मेळघाटात तो आहे. पाठ चंदेरी, पोट काळं, पुढच्या पायांना जमीन उकरायला लांब नखं. उंदीर, साप, किडे, मध, मधमाश्यांच्या अळ्या, त्याला सगळं चालतं. कातडी इतकी जाड आणि सैल की मानगूट पकडली तरी आतल्या आत वळून तो उलटा चावतो. शिवाय शेपटीखालच्या ग्रंथीतून असा वास सोडतो की बाप्पा, विचारू नका!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघासोबत पहिल्या अनुसूचीत आहे. पण वाघ मेला तर बातमी होते, याचं कोणी नावही घेत नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. हा प्राणी फिरतो मुख्यतः रात्री, आणि आपले ग्रुपही रात्रीच परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला निघतात. बिबट्यासमोर उभी राहणारी ही हिंमत गाडीच्या बंपरसमोर काय कामाची? सूर्योदय पाहायची हौस असेल तर आदल्या दिवशी उजेडात पोहोचा आणि मुक्काम करा. रात्री जावंच लागलं तर वेग कमी ठेवा, हॉर्न आणि गाणी बंद.

आणि सिव्हिलवाल्यांनो, पेंचमध्ये नागपूर-जबलपूर महामार्गाखाली प्राण्यांसाठी मार्ग काढले, तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसले. म्हणजे हे जमतं. उद्या तुमच्यापैकीच कोणी जंगलातल्या रस्त्याचं डिझाइन करील. तेव्हा पाण्यासाठी मोरी काढताना दहा किलोच्या या भाऊसाठीही कोरडी वाट ठेवा. पडद्यावरच्या वुल्व्हरिनच्या जखमा आपोआप भरतात, आपल्यावाल्याच्या भरत नाहीत!