सबटायटल सरकले तर मजुरी कोणाची कापायची?

लग्नाची, मुशायऱ्याची किंवा एखाद्या छोट्या चित्रपटाची डीव्हीडी तयार होते. गिऱ्हाईक ती घरी नेऊन लावते आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत येते. पडद्यावरचा माणूस बोलून गप्प होतो आणि मग त्याचे बोलणे अक्षरांत उमटते! गिऱ्हाईक पैसे अडवते, दुकानदार सबटायटल बसवणाऱ्या कारागिराची मजुरी कापतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. आमच्या मते प्रकरण मिटत नाही. अन्याय मात्र होतो, कारण पुष्कळदा चूक त्या कारागिराची नसते. चूक मोजमापाची असते आणि ते माप त्याच्या हाती चुकीचे दिलेले असते.

कोणी म्हणेल, डीव्हीडीचा जमाना गेला, आता हा विषय कशाला? डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली आणि आज तिची विक्री पूर्वीसारखी नाही, हे खरे. पण घरोघरच्या कपाटांतल्या तबकड्या आता पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे काम दुकानांत येते. जुनी सबटायटलची फाइल नव्या चित्राला जोडली की तोच दोष पुन्हा उभा राहतो. आपल्या लोकांचा या कसबाशी संबंधही जुना आहे. मालेगावात २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला आणि तिथल्या चित्रपट काढणाऱ्यांवर २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट निघाला. म्हणून हे काम नीट समजून घ्यावे, असा आमचा आग्रह आहे.

तराजू आणि गज वापरणाऱ्या व्यापाऱ्याला हा हिशेब अवघड नाही. तराजूत पासंग असेल तर प्रत्येक वजनात तेवढाच फरक पडतो. गज आखूड असेल तर कापड जितके जास्त मोजावे तितका फरक वाढत जातो. सबटायटलचे मुख्य दोषही हेच दोन.

पहिला दोष पासंगाचा. सगळी वाक्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे असतात. टेपचा टाइमकोड अनेकदा एक तासापासून, म्हणजे ०१:००:००:०० पासून, सुरू केलेला असतो आणि डीव्हीडीचे चित्र शून्यापासून सुरू होते. कधी सुरुवातीच्या रंगपट्ट्या नंतर कापल्या जातात. ३० सेकंदांच्या पट्ट्या कापल्या की प्रत्येक वाक्य ३० सेकंद उशिरा येणारच. इथे एकेक ओळ हाताने ओढत बसू नये. फरक एकदा मोजावा आणि सगळ्या वेळांतून एकदम वजा करावा.

दुसरा दोष आखूड गजाचा. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची आहे, तर अमेरिका आणि जपानची एनटीएससी पद्धत २९.९७ फ्रेमची. चित्रपटाची रीळ २४ फ्रेमने चालते. ती पालवर आणताना सहसा २५ फ्रेमने पळवतात, त्यामुळे दोन तासांचा चित्रपट १ तास ५५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. सबटायटल जुन्याच वेळेने बसवले तर दर तासाला २ मिनिटे २४ सेकंदांचा फरक साचतो. इथे वजाबाकी चालत नाही. प्रत्येक वेळेला ०.९६ ने गुणावे लागते.

एनटीएससीत आणखी एक खाच आहे. सेकंदाला ३० आकडे मोजले पण चित्रे २९.९७ च गेली, तर तासाला १०८ आकड्यांचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी ड्रॉप-फ्रेम मोजणी आहे. तीत दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, मात्र दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. गाळतात ते आकडे. चित्र एकही जात नाही. एकाने ड्रॉप आणि दुसऱ्याने नॉन-ड्रॉप धरले की भांडण ठरलेले.

दोष कोणता, हे दोन ठिकाणी मोजून कळते. समजा, सुरुवातीचे एक वाक्य २ मिनिटांवर बोलले जाते आणि फाइलमध्ये ते २ मिनिटे ५ सेकंदांवर आहे. शेवटचे वाक्य १ तास ३६ मिनिटांवर बोलले जाते आणि फाइलमध्ये १ तास ४० मिनिटांवर आहे. आधी फरक ५ सेकंदांचा होता, शेवटी ४ मिनिटांचा झाला, म्हणजे गज आखूड आहे. दोन वाक्यांमधले खरे अंतर ५,६४० सेकंद, फाइलमधले ५,८७५. भागाकार केला की ०.९६ येतो. २४ आणि २५ फ्रेमचा गोंधळ हाताशी सापडला!

तिसरे माप मधल्या भागात घ्यावे. अर्ध्यापर्यंत सगळे बरोबर आणि नंतर एकदम ठरावीक फरक असेल, तर मध्येच एखादा प्रसंग कापला किंवा घातला गेला आहे. तिथपासून पुढचीच वाक्ये सरकवावीत. फरक कधी थोडा, कधी जास्त, पण एका सेकंदाच्या आतच राहत असेल, तर शेवटचा आकडा वाचण्यात घोटाळा आहे. पालमध्ये तिथला १२ म्हणजे १२ फ्रेम, अर्थात ४८० मिलिसेकंद. तो १२ मिलिसेकंद असा वाचला गेला की वाक्य लवकर येते. आणि आवाजच ओठांशी जुळत नसेल, तर आधी तो जुळवावा. वाकड्या भिंतीला दार बसवून उपयोग नाही.

हे सगळे तबकडी लिहिण्याआधी करायचे आहे. डीव्हीडीवर सबटायटल चित्राच्या रूपाने बसते आणि एकदाच लिहिता येणारी तबकडी पुसता येत नाही. वीस तबकड्या लिहून झाल्यावर चूक कळली तर वीसही वाया.

म्हणून दुकानदार बंधूंना आमचे सांगणे आहे. काम घेताना पावतीवरच तीन गोष्टी लिहा: फ्रेम किती, टाइमकोड कुठून सुरू होतो आणि फाइल दिल्यानंतर चित्रात कापाकापी झाली का. लिहिण्याआधी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तीन ठिकाणी तपासा आणि या तपासणीचे पैसे गिऱ्हाइकाला सांगून घ्या. कारागिरांनीही हा हिशेब शिकून घ्यावा, म्हणजे चूक कोणाची ते त्यांना कागदावर दाखवता येईल. मजुरी कापायचीच असेल तर आधी मोजा. माप मालकाने चुकीचे दिले असेल, तर नुकसान मालकाने सोसावे. कारागिराच्या घामाचे पैसे त्यात कापले जाऊ नयेत.