गावचं पोर जवान होतं, साहेब का नाही?

आपल्या गावाबाहेरच्या सडकेवर पहाटे पाचला दहा-पंधरा पोरं पळताना दिसतात. सोळाशे मीटरचं अंतर, हातात मोबाईलचं घड्याळ आणि डोक्यात एकच विचार, भरती. त्यांचं कौतुक आहेच. साताऱ्याचं आपशिंगे मिलिटरी काय, कोल्हापूरची सैनिक टाकळी काय, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसं देणारी ही गावं आपल्याच महाराष्ट्रातली आहेत. प्रश्न एवढाच आहे की, आपण जवान इतके देतो, तर त्याच गावांतून तितके अधिकारी का निघत नाहीत?

पोरांत दम नाही, असं म्हणाल तर ते खोटं आहे. खरं कारण असं की, अधिकारी व्हायची वाट कॉलेजातून जाते, हे गावात कुणी सांगतच नाही.

ही वाट म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, आपण जिला एनसीसी म्हणतो. ती १९४८ साली कायद्याने सुरू झाली. पंधरा ऑगस्टच्या परेडपुरती ती आहे, असा आपला समज. पण पदवीच्या तीन वर्षांत परेड आणि शिबिरं नीट पूर्ण करून आधी ‘बी’ आणि मग ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा पास झालेल्या पोरासाठी सैन्याने वेगळं दार ठेवलं आहे. त्याला एनसीसी स्पेशल एंट्री म्हणतात. पदवीला किमान ५० टक्के गुण, ‘सी’ला किमान ‘बी’ श्रेणी, वय १९ ते २५ आणि उमेदवार अविवाहित हवा. शाखा कोणतीही चालते, बी.ए.वालाही चालतो. लेखी परीक्षा नाही. अर्जांतून निवड झाली की थेट एसएसबीची मुलाखत. ती आणि वैद्यकीय तपासणी पार पडून यादीत नाव लागलं की अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवडे शिक्षण आणि खांद्यावर लेफ्टनंटचे तारे.

आता हिशेब मांडू, कारण शेतकऱ्याला हिशेब कळतो. २०२२ साली अग्निपथ योजना आली. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले हातात २१ हजार. चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे ठेवायचं, अशी ती योजना आखलेली आहे. इकडे अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणातच महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन. पुढे दहा वर्षांची नोकरी आणि ती चौदापर्यंत वाढू शकते. जवानाची नोकरी कमी दर्जाची, असं कुणी समजू नये. पण ज्याला बारावीनंतर शिकायची ऐपत आणि इच्छा आहे, त्याने एकाच रांगेत उभं राहून वय का घालवावं?

वाट सोपी आहे, असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. वर्षातून दोनदा जाहिरात निघते आणि प्रत्येक खेपेला देशभरासाठी जागा शंभराच्या आत असतात. एसएसबी पाच दिवस चालते आणि बहुतेक पोरं तिथूनच परत येतात. काम बरंचसं इंग्रजीत चालतं. इंग्रजी फाडफाड नसली तरी चालेल, पण आपलं म्हणणं सरळ मांडता आलं पाहिजे. मात्र तिथे फळ्या, दोर, पिंपं देऊन गटाला अडथळा ओलांडायला लावतात आणि कोण भांडतो, कोण मार्ग काढतो ते बघतात. कालव्याच्या पाण्याची पाळी चार भाऊबंदांत न भांडता लावणाऱ्या पोराला हे काम परकं नाही. तयारीसाठी राज्य सरकारचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पात्र उमेदवाराचं राहणं, जेवण, शिकवणं मोफत असतं. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. हे कार्यालय फक्त माजी सैनिकांच्या पेन्शनीसाठी आहे, असं समजून आपण तिकडे फिरकत नाही.

दुसरी वाट सीडीएस परीक्षेची. तीही वर्षातून दोनदा होते आणि तिला एनसीसीची अट नाही. पोराने दोन्ही ठेवाव्यात. एक पीक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून आपण आंतरपीक घेतो, तसंच हे. आणि ‘सी’ प्रमाणपत्र वाया जात नाही, इतर भरतीतही त्याला वजन आहे.

मग अडतं कुठे? पहिलं, नाव पहिल्याच वर्षी घालावं लागतं. दुसऱ्या वर्षी जाग आली तर तीन वर्षं भरत नाहीत. दुसरं, परेडची ७५ टक्के हजेरी लागते. पेरणीला माणूस नाही म्हणून आपण पोराला शिबिरातून बोलावून घेतो आणि दोन दिवसांच्या मजुरीपायी त्याचं प्रमाणपत्र बुडतं. तिसरं, मुली. हे दार त्यांनाही उघडं आहे, पण अविवाहित असण्याची अट आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न उरकलं की दार आपणच लावून घेतलं.

सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, तुम्हालाही सांगणं आहे. बारावीचा निकाल लागला की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, तालुक्यातल्या कोणत्या कॉलेजात एनसीसी आहे आणि नाव कधी घालायचं. जिथे नाही, तिथल्या संस्थाचालकांना ग्रामसभेचा ठराव पाठवा. संस्थेने स्वतःच्या खर्चाने एनसीसी सुरू करण्याचीही सोय आहे. आणि गावच्या माजी सुभेदारांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवा. साहेब कसा असावा, हे त्यांच्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही.

हुकूम पाळण्यात आपली पोरं कुठे कमी पडली नाहीत. हुकूम देण्याची लायकीही त्यांच्यात आहे. त्यांना पहिल्या वर्षी फॉर्म भरायला लावणं, एवढं काम तुमचं आहे.