सातारा–सांगली रस्त्याचे हादरे: गाडीत बसलेल्याच्या शरीरात काय होते?

साताऱ्याजवळच्या शेंद्रेपासून कागलपर्यंत पुणे–बंगळूर महामार्गाच्या सहापदरीकरणाने गेली काही वर्षे प्रवाशांची परीक्षा पाहिली आहे. कऱ्हाडला कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडला आणि वाहतूक सेवा रस्त्यावर आली. पुढे पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळायचे, तर त्या सुमारे ४० किलोमीटरच्या खड्ड्यांत सांगलीकरांनी कितीतरी पावसाळे काढले आहेत. आणि हा रस्ता रुग्णांचाही आहे. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली दवाखाना उभारला, तेव्हापासून आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसे उपचारासाठी तिकडे जातात. त्यामुळे माझ्या ओपीडीत एक प्रश्न वारंवार येतो: "डॉक्टर, आईला गाडीतून नेलं तर चालेल का? रस्ता असा आहे."

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर "चालेल" असेच असते. काही जणांच्या बाबतीत मात्र सीट बदलावी लागते, वेग बदलावा लागतो, क्वचित प्रवासच पुढे ढकलावा लागतो. तुमच्या घरातले माणूस यातल्या कोणत्या गटात बसते, ते आधी ओळखायला हवे.

अंग आंबते ते का?

रस्त्याचा हादरा टायर, स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि सीट यांतून गाळून तुमच्यापर्यंत येतो. पण बसलेल्या माणसाच्या धडाची स्वतःची एक लय असते. सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा वर-खाली हलवले की ते सर्वात जास्त हलते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा झोका दिला तरी तो उंच जातो, तसेच हे. या लयीतला हादरा सीटपासून वर मणक्यात जाताना कमी होत नाही, उलट वाढतो. पाठीचे स्नायू मणक्याला सावरायला सारखे आवळत राहतात, आणि अनेकदा ते आवळेपर्यंत पुढचा हादरा आलेला असतो. दोन तास नुसते बसून आलेला माणूस "अंग आंबून गेलं" म्हणतो ते उगीच नाही. त्याचे स्नायू सबंध वाट राबलेले असतात.

याच संथ थरथरीने डोळेही मिटतात. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाने २०१८ मध्ये १५ जणांना थरथरणाऱ्या सीटवर बसवून ड्रायव्हिंगची चाचणी घेतली, तेव्हा १५ मिनिटांतच सुस्तीची चिन्हे दिसू लागली. गाडीत बसल्यावर आजोबांना डुलकी लागली तर बिघडत नाही. स्टिअरिंगवरच्या मुलाला लागली तर काय, याचा विचार निघताना करा. (घाटात मळमळते ते वेगळे. तिथे गाडीचे संथ झुलणे आणि वळणे कारण असतात, खड्डे नव्हेत.)

रोजच्या थरथरीचा खरा भार पडतो तो दिवसभर चाकावर असणाऱ्यांवर: एसटीचे चालक, वडापवाले, हंगामात ऊस ओढणारे ट्रॅक्टरवाले. त्यांच्यात कंबरदुखी आणि सायटिका जास्त आढळते. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांसाठी अशा कंपनांची रोजची मर्यादा ठरवली. तिच्या हिशेबातली एक गोष्ट तुमच्याही कामाची आहे: हादऱ्याची तीव्रता दुप्पट झाली, तर शरीरावर तेवढाच भार चौथाई वेळात पडतो. खराब पट्ट्यात वेग कमी केला की वेळ थोडा वाढतो, पण दणक्यांची तीव्रता उतरते, आणि फायदा पाठीचा होतो.

एकच दणका, पण चुकीच्या माणसाला

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मिरजेला जाणाऱ्या प्रवाशाला थरथरीपेक्षा एखाद्या जोरदार दणक्याची भीती अधिक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटर वेगाने बिनत्रास ओलांडता येईल असा. आपल्याकडे गावाच्या वेशीवर रातोरात उठणारे आखूड, उभट उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत. गाडी त्यावर वेगाने गेली की मागे बसलेला माणूस सीटवरून उचलला जातो आणि परत आदळतो. हाडे ठिसूळ झाली असतील तर या आदळण्याने मणका दबून मोडू शकतो, बहुतेक वेळा छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरचा. बसच्या शेवटच्या बाकावरच्या प्रवाशांत असे फ्रॅक्चर अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे.

साठी ओलांडलेल्या स्त्रिया, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, आणि आधी कधी किरकोळ पडून हाड मोडलेले, यांना शेवटच्या रांगेत बसवू नका. मागच्या चाकांवर आणि त्यांच्या मागे दणका सर्वात मोठा लागतो. त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी किंवा मोठ्या गाडीत मधल्या रांगेत बसवा. पाठ थोडी मागे रेलू द्या, कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा, पट्टा लावा. आपल्याकडे मानाची जागा म्हणून पुढची सीट जावयाला मिळते आणि सासूबाई मागे कोपऱ्यात. निदान या रस्त्यावर तरी ते उलटे करा.

दणक्यानंतर पाठीत एकाच ठिकाणी तीव्र कळ आली, उभे राहताना वा कूस बदलताना ती वाढली आणि आडवे पडल्यावर कमी झाली, तर "लचक असेल" म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा. पायातली ताकद कमी वाटली, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

गरोदर बाई, पोटदुखी आणि खडा

"जीपमधून गेली म्हणून पोट पडलं" हे वाक्य मी अजून ऐकतो, आणि त्या मुलीला आयुष्यभर त्याचा दोष दिला जातो. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. निरोगी गरोदरपणात तपासणीसाठी केलेल्या साध्या प्रवासाने गर्भ पडत नाही. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा वेळेआधी कळा येत असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून न घेता पोटाखाली, मांड्यांच्या वर घ्यावा.

पोटदुखीत हाच दणका डॉक्टरच्या उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गतिरोधकांवरून रुग्णालयात आलेल्या ६४ रुग्णांना प्रश्न विचारला. त्यांतल्या ३४ जणांना अपेंडिक्स निघाले. त्यांपैकी ३३ जणांचे पोट गतिरोधकावर जास्त दुखले होते. दणक्याला दुखले म्हणजे अपेंडिक्सच असे नव्हे, इतर कारणांनीही दुखते. पण तपासायला आलात की हे आठवणीने सांगा.

मूतखडा मात्र खड्ड्यांतून फिरून पाडायला जाऊ नका. अमेरिकेत २०१६ मध्ये मूत्रपिंडाचा नमुना रोलरकोस्टरवर फिरवला, तेव्हा मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के खडे सरकले, पुढच्या सीटवर सुमारे १७ टक्के. मागे किती हादरते ते यातून कळते, पण तो सिलिकॉनचा नमुना होता, माणूस नव्हता. मोठा खडा सरकून नळीत अडकला तर वेदना आणि संसर्ग दोन्ही गळ्यात पडतात.

एक कागदाची गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वर सांगितलेल्या आजींच्या मोडलेल्या मणक्याची केसपेपरवर "कंबरदुखी" एवढीच नोंद झाली, तर तिचा रस्त्याशी संबंध उद्या कुणी मानणार नाही. म्हणून तपासणीच्या वेळी ठिकाण, तारीख, वेळ, खड्डा की गतिरोधक आणि त्या क्षणी काय जाणवले ते सांगा, ते लिहून घ्यायला लावा, आणि एक्स-रेसोबत त्या कागदाचीही प्रत घरी ठेवा.