विश्लेषण : अफगाण चर्चच्या मनोऱ्याला दरवर्षी तपासणी का हवी?

वागळे इस्टेटमधल्या कोणत्याही कारखान्यात विचारा, यंत्राचे तेलपाणी ते बंद पडण्याआधीच करायचे असते. शंभर-दीडशे वर्षांच्या दगडी मनोऱ्यांना मात्र हा साधा नियम क्वचितच लागू होतो. कुलाब्याचे अफगाण चर्च हे त्याचे बोलके उदाहरण.

हा मनोरा कधीचा?

पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) मारल्या गेलेल्या सैनिकांचे हे स्मारक. पायाभरणी १८४७ मध्ये झाली, १८५८ मध्ये चर्च प्रार्थनेसाठी खुले झाले. मनोऱ्यावरचा निमुळता सुळका पूर्ण व्हायला मात्र १८६५ उजाडले. त्यासाठी पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनीही देणगी दिली. सुमारे १९८ फूट उंचीचा हा सुळका बंदरात येणाऱ्या जहाजांना लांबून दिसे. बेसॉल्ट आणि चुनखडीचा दगड, टोकदार कमानी, रंगीत काचा ही त्याची गॉथिक ओळख.

धोका कशाचा?

पाण्याचा आणि खाऱ्या वाऱ्याचा. गॉथिक शैली युरोपात घडली. मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस तिच्या हिशेबात नव्हता. सांध्यांतला चुना झिजला की पाणी आत मुरते. आतले लोखंड गंजून फुगते आणि दगडाला तडा जातो. फटीत पिंपळ रुजला, तर मुळे तीच फट रुंदावतात.

सिमेंट भरले तर?

घाईची ही दुरुस्ती अनेकदा महाग पडते. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते. मग दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याच्या बांधकामाला चुनाच हवा आणि तो भरणारा जाणता गवंडीही.

मग उपाय काय?

पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तपासणी, पन्हळी साफ करणे, झाडोरा काढणे, सांधे भरणे आणि वीजरोधक तपासणे. ही कामे छोटी आहेत. पण त्यांचे उद्घाटन होत नाही, फलक लागत नाही, म्हणून निधीही मिळत नाही. मग पडझड झाल्यावर परांच्या बांधून मोठा खर्च करावा लागतो. वारसा यादीत नाव घालणाऱ्या यंत्रणेने देखभालीचा वार्षिक वाटाही उचलायला हवा. प्रार्थनेला येणाऱ्यांच्या देणग्यांवर एवढा मनोरा तगू शकत नाही. वारसा सगळ्या शहराचा म्हणायचा आणि त्याची गळती मात्र एकट्या चर्चची, हे चालणार नाही.