पाच मिनिटांचा चोर

मागच्या वेळी या सदरात जुन्या फोनमधले फोटो कसे जपून ठेवायचे ते पाहिलं. या वेळचा विषय खेळाचा आहे. पण या खेळावरून आमच्या घरात भांडण पेटायची वेळ आली होती, म्हणून आई-बाबांनीही वाचायला हरकत नाही.

आमच्याकडे माइनक्राफ्टचं वेड आहे. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात आला. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. झाडं तोडायची, खाणीत उतरून लोखंड आणि हिरे काढायचे, घर बांधायचं आणि अंधारात येणाऱ्या भुताखेतांपासून जीव वाचवायचा. मेलात, तर जवळचं सगळं सामान तिथेच जमिनीवर पडतं आणि तुम्ही घरच्या पलंगापाशी पुन्हा जिवंत होता. मग परत तिथे जाऊन ते गोळा करायचं.

माझा मुलगा बंटी इथे इंदूरला आणि माझ्या धाकट्या भावाची मुलगी मनू वडोदऱ्याला. दोघं मिळून एकच जग वसवतात. जग मनूच्या संगणकावर आहे. शनिवारी तिने ते सुरू केलं, की बंटी इथून त्यात शिरतो. सहा महिन्यांत त्यांनी डोंगराच्या कुशीत दुमजली वाडा बांधला, शेत लावलं, गोठा केला. एरवी वर्षातून दोनदा भेटणारी ही भावंडं या वाड्यामुळे दर आठवड्याला भेटत होती.

एका शनिवारी रात्री मनूचा फोन आला. आवाज रडवेला.

"आत्या, गेममध्ये बग आहे. नाहीतर बंटी चोर आहे."

तिची हिऱ्याची कुदळ आणि चिलखत तिसऱ्यांदा गेलं होतं. आणि पोरीने हिशोब चोख ठेवला होता. दूरच्या खाणीत ती एकूण सात वेळा मेली. चार वेळा ती एकटी खेळत होती. चारही वेळा परत गेल्यावर सामान जागच्या जागी मिळालं. एकदा तर ती मध्येच जेवून आली होती, तरीही! तीन वेळा बंटी खाणीत होता आणि तिन्ही वेळा सामान गायब.

"आता तूच सांग," ती म्हणाली.

मंडळी, मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर इतरांच्या चुका शोधणं हेच माझं काम. तरीही त्या रात्री मी एकही प्रश्न न विचारता बंटीच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "खरं सांग, घेतलंस का तू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही, आई." एवढंच बोलून त्याने संगणक बंद केला. सकाळी पोह्यांना हात लावला नाही. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, पोरांचं पोरं बघतील, आपण कशाला मध्ये पडायचं?" पण मी तर पडून बसले होते.

तेव्हा कुठे माझ्यातली तपासनीस जागी झाली. ऑफिसात कुणी "बग आहे" म्हणत आलं, तर आम्ही आधी काय करतो? काय झालं ते जसंच्या तसं लिहून घेतो. मग तेच पुन्हा घडवून बघतो. आणि दर वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

रविवारी दुपारी दोघांना व्हिडिओ कॉलवर बसवलं. एकमेकांशी बोलत नव्हती, पण बसली. मनूला आधी त्या जगाची प्रत काढायला सांगितली. प्रयोग नेहमी प्रतीवर करायचे, म्हणजे मूळ वाडा सुरक्षित राहतो.

मग संशयितांची यादी केली. लाव्हात पडलेलं सामान जळतं. क्रीपर फुटला, तर त्या स्फोटातही नष्ट होतं. काही झॉम्बी पडलेल्या वस्तू उचलतात. आणि यादीत चौथा बंटी. त्याचं नाव मी त्याच्यासमोरच लिहिलं. वगळलं असतं, तर मनूने निकाल मानला नसता. खाणीतली एक जागा निवडली, चारी बाजूंनी भिंती घातल्या, आत मशाली लावल्या. लाव्हा नाही, झॉम्बी नाही, क्रीपर नाही. पहिले तीन संशयित तिथेच बाद झाले.

पहिला प्रयोग: मनूने तिथे ६४ दगडी ठोकळ्यांची चळत टाकली आणि एकटीच घरी गेली. पंधरा मिनिटांनी परत आली. चळत जागेवर.

दुसरा प्रयोग: नवीन चळत. मनू घरी, बंटी चळतीपासून दहा पावलांवर. त्याला सांगितलं, दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर वर धर. बिचारा हात वर करून बसला. मी घड्याळ लावलं. बरोबर पाच मिनिटं झाली आणि चळत नाहीशी झाली! बंटीचे हात अजून वरच होते.

"हॅक केलं असेल त्याने," मनू पुटपुटली.

तिसरा प्रयोग: बंटीला जगातूनच बाहेर काढलं आणि माझ्या फोनवरून मी आत गेले. मला धड चालताही येत नाही, त्यामुळे मी नुसती उभी राहिले. पाच मिनिटांनी चळत गायब. आता मनू गप्प झाली. आत्या तर चोर नव्हती!

खरं कारण असं आहे. जमिनीवर पडलेल्या वस्तूला या खेळात पाच मिनिटांचं आयुष्य असतं. खेळाचं घड्याळ सेकंदाला २० टिक टाकतं. ६,००० टिक झाले, की वस्तू नाहीशी होते. नाहीतर पडलेल्या वस्तूंचा ढीग साचून संगणक दमला असता. पण जग अफाट, त्यामुळे खेळ एका वेळी सगळं जग चालवत नाही. १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत त्याची वाटणी केलेली असते आणि खेळाडूंच्या आसपासचे तुकडेच जागे असतात. बाकीचे झोपलेले. झोपलेल्या तुकड्यात घड्याळही थांबतं.

मनू एकटी असताना मेली, की ती लांबच्या पलंगावर जागी व्हायची आणि खाण झोपायची. सामान तासभर पडून राहिलं, तरी त्याच्या लेखी वेळ पुढे सरकतच नव्हता. बंटी तिथे असला, की खाण जागी राहायची आणि पाच मिनिटं खरोखरच संपायची. घरापासून खाण साधारण १,५०० ठोकळे दूर. चालण्याचा वेग सेकंदाला ४.३ ठोकळे, म्हणजे जायलाच जवळजवळ सहा मिनिटं. पळालं तर थोडं आधी, पण वाटेत नदी आणि डोंगर. ती वेळेत पोहोचणं कठीणच होतं.

खात्री करायला चौथा प्रयोगही केला. बंटी चळतीजवळ तीन मिनिटं थांबला, मग सगळे लांब गेलो. दहा मिनिटांनी परत आलो, तर चळत तिथेच. आणि आणखी दोन मिनिटांनी गेली. उरलेली दोन मिनिटं तिने तशीच जपून ठेवली होती.

म्हणजे मनूचा हिशोब अगदी बरोबर होता. बंटी असला, की सामान जात होतं. चूक फक्त पुढच्या उडीत झाली: तो असतो तेव्हा जातं, म्हणजे तोच घेतो.

मग मी बंटीला विचारलं, "तू तिथेच होतास, तर तिचं सामान उचलून का नाही ठेवलंस?"

"पहिल्यांदा मी दुसऱ्या बोगद्यात होतो, मला कळलंच नाही," तो म्हणाला. "नंतर दोन्ही वेळा ती ओरडली, हात लावू नकोस, मीच येते. म्हणून नाही लावला."

कॉलवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पहिल्यांदा सामान गेलं ते घड्याळामुळे. नंतर दोन वेळा गेलं ते संशयामुळे.

"सॉरी, बंटीदादा," मनू म्हणाली. हे 'दादा' फार दिवसांनी आलं होतं.

खेळात मेल्यावरही सामान जवळच राहावं अशी एक सेटिंग आहे. मी ती सुचवली, पण दोघांनी एकमताने नाकारली. मग मरण्यात मजा काय? त्याऐवजी त्यांनी नियम केला. जो जवळ असेल, त्याने उचलायचं आणि जवळच्या पेटीत टाकायचं. पेटीतल्या सामानाला घड्याळ नसतं.

माझी सुटका मात्र इतकी सहज झाली नाही. रात्री बंटी ताटावर बसला आणि म्हणाला, "आई, ऑफिसात पण तू असंच करतेस? आधी माणसाला पकडतेस आणि मग तपासतेस?"

मी त्याची माफी मागितली. त्याने लगेच दिली नाही, दोन दिवस घेतले. ते दोन दिवस मला मंजूर होते.

पुढच्या शनिवारी त्याच्या खोलीतून मनूचा आवाज आला. स्पीकरवर ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, "दादा, मेले! उचल, उचल, लवकर उचल!"